बसल्या जागी रेसर कसे व्हावे

सदर मार्गदर्शिका चाळिशीच्या आगेमागे असलेल्या, कंबर कुरकुरू लागलेल्या आणि ‘आपण मुळात फॉर्म्युला वनचेच, बाबांनी इंजिनिअरिंगला घातलं म्हणून राहून गेलं’ असे मनोमन मानणाऱ्या गृहस्थांसाठी आहे. घरात ‘मुलांच्या अभ्यासाची’ म्हणून राखलेली एखादी खोली असल्यास उत्तम. मुले अभ्यास कुठेही करतात.

यातील सर्व उदाहरणे आमच्या मेहुण्याची आहेत. त्याची परवानगी घेतलेली नाही, कारण तो कायम हेडफोन लावून बसलेला असतो. राहायला वाकड, नोकरी हिंजवडी, आणि रात्री साडेनऊनंतर मुक्काम बेल्जियम.

नियम १. आधी सामान घ्यावे, गाडी चालवायला सवडीने शिकावे.

सुरुवात स्टिअरिंग व्हीलपासून करावी. ते प्रथम जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळावे. पहिल्याच वळणावर टेबल हलते, आमटी सांडते, आणि ‘याला वेगळी जागा हवी’ हे घरच्यांच्याच तोंडून वदवून घेता येते. मग ॲल्युमिनियमचा सांगाडा, म्हणजे रिग, येतो, त्यावर भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणलेली, मोडीत निघालेल्या गाडीची सीट येते, मग तीन मॉनिटर येतात. व्हीलसुद्धा तेच राहत नाही. आधी गिअरवाले, मग बेल्टवाले, मग थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेले. प्रत्येक व्हील आले की आधीचे ‘खेळणं होतं’ असे म्हणायचे असते. शेवटचे मनगट पिरगाळू शकते. ‘आठ न्यूटन मीटर, दाजी,’ असे तो मला सांगतो, तेव्हा मी ‘अरे वा’ म्हणतो.

आता गंमत बाजूला ठेवून एक खरी गोष्ट सांगतो, कारण यात लोकांचे पैसे जातात. व्हील नंतर घ्या. ब्रेकचे पेडल आधी चांगले घ्या. साधे पेडल किती खाली गेले ते मोजते, लोड सेल असलेले पेडल तुम्ही किती जोर दिला ते मोजते. पायाच्या लक्षात जोर राहतो, अंतर राहत नाही. प्रत्येक फेरीला त्याच ठिकाणी, तेवढ्याच ताकदीने ब्रेक लागला तर निम्मे काम झाले. पण पेडल टेबलाखाली असते आणि फोटोत येत नाही, त्यामुळे त्याचा नंबर शेवटी लागतो.

नियम २. गेममध्ये समोरचे दृश्य किती रुंद दिसावे याची एक सेटिंग असते. ती स्क्रीनची रुंदी आणि डोळ्यांपासूनचे अंतर मोजून ठरवावी. सगळे जण ती मुद्दाम रुंद ठेवतात, कारण मग वेग भन्नाट वाटतो आणि दोन्ही आरसे दिसतात. बरोबर ठेवली की सगळे जवळ आणि रटाळ वाटते, माणूस चिडतो. पण वळण किती लांब आहे ते तेव्हाच कळते. मेहुण्याने दोन दिवस बरोबर ठेवली आणि ‘मजा येत नाही’ म्हणून पूर्ववत केली.

नियम ३. हरल्यास सेटअप बदलावा.

हा या शास्त्राचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर. सेटअप म्हणजे गाडीचे बार, विंग, स्प्रिंगा वगैरेंची जुळणी. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकची एक फेरी सात किलोमीटरची आहे. ओ रूज चढून वर आले की केमेल नावाचा लांब सरळ पट्टा लागतो आणि त्याच्या शेवटी ले कोम्ब हे उजवे वळण. तिथे मेहुणा दर वेळी उशिरा ब्रेक मारतो आणि गाडी वळणात न जाता सरळ डावीकडे बाहेर जाते. हे त्याच्या बायकोला दिसते, मुलाला दिसते, दाराशी कुरिअर घेऊन आलेल्या माणसालाही एकदा दिसले. मेहुण्याला मात्र दिसतो तो पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी झुकू न देणारी दांडी.

‘पुढून सरकतेय, दाजी. फ्रंट बार कडक आहे.’

‘ब्रेक जरा आधी मारून बघ ना.’

‘ब्रेकचा प्रश्नच नाहीये हो.’

पुढचा बार मऊ केला जातो. सिद्धांत म्हणून हे चूक नाही. पुढचा बार मऊ केला की पुढच्या टायरांची पकड वाढते आणि नाक वळणात शिरते. पण पकडीचा समतोल पुढे सरकला की मागचा भाग उनाड होतो. ले कोम्बला गाडी पुन्हा बाहेर जातेच, कारण वेग तोच आहे, शिवाय आता पुढे पूऑं या उताराच्या वेगवान वळणावर मागून सुटते आणि गिरकी घेते. मग मागची विंग वाढवली जाते. विंग वाढली की मागचा भाग बसतो, पण केमेलवर वेग पडतो आणि सगळे पुढे निघून जातात. मग विंग कमी, डिफरन्शियल घट्ट, स्प्रिंगा बदल, टायरात हवा कमी, हवा जास्त. रात्री एकच्या सुमारास एकेक करून सगळे आकडे मूळ जागी परत आलेले असतात. तो सेटअप ‘फायनल खरा नवीन २’ या नावाने जतन होतो.

मेहुणा खेळतो तो असेटो कोर्सा हा गेम २०१४ मध्ये आला. तो करणाऱ्या कुनोस या इटालियन मंडळींनी आपले ऑफिसच रोमजवळच्या वाल्लेलुंगा ट्रॅकच्या आवारात थाटले आणि लेझरने ट्रॅकचे खड्डे-उंचवटे मोजून गेममध्ये घातले. अशा लोकांनी गाडीबरोबर एक तयार सेटअप दिलेला असतो. वाकडचा माणूस पहिली फेरी मारायच्या आत तो बदलतो.

ज्यांना खरोखर सेटअप शिकायचा आहे त्यांच्यासाठी चार ओळी. गाडी कुठे त्रास देते ते आधी ठरवा. वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? शिरताना त्रास असेल तर ब्रेक पुढे-मागे किती वाटला आहे ते बघा आणि त्याआधी स्वतःचा पाय बघा. मध्यावर असेल तर बार आणि स्प्रिंगा, वेगवान वळण असेल तर विंग. बाहेर पडताना असेल तर डिफरन्शियल, आणि पुन्हा पाय, या वेळी ॲक्सिलरेटरचा. टायरचे तापमान आतून, मधून आणि बाहेरून असे तीन ठिकाणी दाखवतात. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा वर चढला तर हवा जास्त आहे. आतली कड थोडी तापलेली असणार, ती कॅम्बरमुळे, म्हणजे चाकाच्या कलामुळे, तिला घाबरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नंतर निदान चार-पाच फेऱ्या मारा आणि वहीत लिहा. मेहुण्याकडे वही आहे. कातडी बांधणीची आहे. कोरी आहे.

मागच्या दिवाळीत ऑनलाइन शर्यतीत नगरचा एक मुलगा याच्यापेक्षा फेरीमागे दोन सेकंदांनी पुढे होता. शर्यत संपल्यावर मेहुण्याने माइकवर, बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसे विचारले, ‘रिअर टो किती ठेवलायस?’

पलीकडून उत्तर आले, ‘काका, मी सेटअपला हातच नाही लावत.’

दोन सेकंदांचे दुःख त्याने पचवले. ‘काका’ अजून पचलेले नाही.

नियम ४. ‘लाइट गेले’ ही सबब आठवड्यातून एकदाच वापरावी.

नियम ५. मते बाळगावीत.

मते नसलेला माणूस नुसता प्रेक्षक असतो. पहिले मत इंजिनाच्या आवाजाचे. ‘व्ही १० गेलं आणि सगळं गेलं’ असे डोळे मिटून म्हणावे. फॉर्म्युला वनमधून ही इंजिने साधारण २००५ च्या मोसमानंतर हद्दपार झाली. २००६ पासून व्ही ८ आली आणि २०१४ पासून टर्बो लावलेली व्ही ६ हायब्रिड. मेहुणा रात्रभर रेल्वेने प्रवास करून २०११ साली ग्रेटर नोएडाला इंडियन ग्रां प्री बघायला गेला होता, म्हणजे त्याने प्रत्यक्ष कानांनी ऐकली ती व्ही ८. व्ही १० त्याने केबल टीव्हीच्या आवाजातून ऐकलेली आहे. तरी अश्रू व्ही १० साठीच निघतात. त्या शर्यतीच्या पहिल्याच सरावात ट्रॅकवर एक भटका कुत्रा शिरला आणि सराव थांबवावा लागला. तिथे तीन वर्षे शर्यत झाली आणि तिन्ही फेटेलने जिंकल्या. यातली कुत्र्याची गोष्ट कोणी काढली तर तो चिडतो, मी काढली तर जास्तच चिडतो.

नारायण कार्तिकेयनचा विषय निघाला तर मात्र मी त्याच्या बाजूला असतो. २००५ मध्ये इंडियानापोलिसला टायरांच्या भानगडीमुळे मिशेलिनवाले सगळे संघ फॉर्मेशन लॅप संपवून पिटमध्ये वळले आणि सहाच गाड्या धावल्या. कार्तिकेयन चौथा आला. ‘सहातला चौथा’ म्हणून हसणारे खूप भेटतात. अहो, सातवा ग्रिडवर उभा नव्हता यात त्याचा काय दोष? गाडी जॉर्डनची होती, ती शेवटपर्यंत नेली, फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले ते पहिले गुण. आपला मुंबईचा जेहान दारूवाला २०२० च्या डिसेंबरात साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय. त्या वेळी आमच्या घरात टीव्हीवर दुसरेच काहीतरी चालू होते आणि मेहुण्याचा फोन आला तो शब्द नसलेला, नुसता आरडाओरडा. या दोन गोष्टी सांगताना त्याच्या चेहऱ्यावरचे शहाणपण गळून पडते आणि तो नववीतला मुलगा दिसतो.

पुढचे मत घरात जपून मांडावे. २०२४ च्या मे महिन्यात मॅक्स व्हर्स्टॅपनचा संघ आयरेसिंग या गेमवरची न्यूरबर्गरिंगची २४ तासांची ऑनलाइन शर्यत जिंकला. त्यात तो स्वतः गाडी चालवत होता, आणि त्याच रविवारी तो इमोलाची खरी ग्रां प्रीसुद्धा जिंकला. मेहुण्याने हा दाखला बायकोसमोर टाकला. म्हणणे असे, की जगज्जेतासुद्धा रात्री गेम खेळतो.

ती म्हणाली, ‘तो रविवारी खरी रेसपण जिंकला ना? तू रविवारी दळण आणलंस का?’

नियम ६. पाठांतर वाढवावे. न्यूरबर्गरिंगचा जुना उत्तरेकडचा ट्रॅक जवळपास २१ किलोमीटरचा आहे. त्यातले प्रत्येक वळण नावानिशी, चढ-उतारासह मेहुण्याला तोंडपाठ आहे. सिंहगड रोडवर आमच्याकडे यायचे तर तो अजूनही मॅप लावतो.

नियम ७. खऱ्या रस्त्यावर यातले काहीही करू नये.

इथे माझी पंचाईत होते, कारण मेहुणा खऱ्या रस्त्यावर अप्रतिम गाडी चालवतो. मे महिन्यात आम्ही ताम्हिणी घाटातून दिवेआगरला निघालो होतो. वॅगन आर, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर आलेपाकाच्या वड्या आणि हाताशी प्लास्टिकची पिशवी. सासूबाईंना गाडी लागते. स्वारगेट ते साताऱ्यापर्यंतसुद्धा लागते. घाट सुरू झाला आणि मी मागच्या सीटवरून त्याचे पाय बघत बसलो. वळणाच्या आधी, स्टिअरिंग सरळ असतानाच ब्रेक. मग स्टिअरिंग जसजसे वळेल तसतसा ब्रेक हळूहळू सुटत जाणार, झटक्यात नाही. स्टिअरिंग एकदाच आणि लागेल तेवढेच वळवायचे, मध्ये दुरुस्ती नाही. वळण सुटू लागले की ॲक्सिलरेटर, तोही बोटभर. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या टायरांवर येते, झटकन सोडला की नाक उचलते आणि त्याबरोबर सासूबाईंचे पोटही. तसे एकदाही झाले नाही. रेसिंग शिकवणारे ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात ते हेच, फक्त इथे ताशी चाळीसने आणि पुढे दुधाचा टेम्पो. पिशवी उघडायची वेळ आली नाही. सासूबाई घोरत होत्या.

मी म्हटले, ‘अरे, हे ले कोम्बला का नाही करत?’

‘तिथे आई मागे नसते ना. इथे तिला लागली तर सीट कव्हर मलाच धुवायला लागतं.’

उरलेल्या वेळात त्याने मला वॅगन आरच्या सस्पेन्शनमध्ये काय काय उणे आहे ते माणगाव येईपर्यंत सांगितले.

नियम ८. वरील निरीक्षणावरून मार्गदर्शकांनी एक प्रयोग सुचवला व तो करून बघण्यात आला. सासूबाईंना रिगच्या मागे खुर्ची टाकून बसवले. त्यांना आधी वाटले टीव्ही लावतोय. मग त्या ‘हळू रे, हळू’ करू लागल्या. केमेलचा पट्टा आला आणि त्यांनी सवयीने पदर तोंडाला लावला. मेहुण्याने ब्रेक आधी मारला, हळूच सोडला, गाडी ले कोम्बमधून सरळ-साध्या माणसासारखी निघाली. पुढची फेरीही तशीच, त्याच्या पुढचीही. कुठे गिरकी नाही, गवतात जाणे नाही. एवढ्यात मालिकेची वेळ झाली आणि सासूबाई उठून गेल्या. स्क्रीनवर वेळ आली होती, आणि ती त्याची आजवरची सर्वांत चांगली होती.

त्याने हेडफोन काढले, माझ्याकडे वळून बघितले आणि म्हणाला, ‘बघा दाजी, मी सांगत नव्हतो? मागची विंग एक क्लिक जास्त होती.’