रविवारचा सिंहगड : नवशिक्या आईसाठी सुलभ मार्गदर्शिका

शाळेच्या सहलीनंतर जी आई फक्त लिफ्ट बंद असतानाच काही चढली, तिच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्या आधीच चढतात त्यांनी ती वाचू नये. त्या चुका काढतील.

सिंहगड पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. आपण घाटावर राहत असल्यामुळे त्यातली निम्मी उंची फुकट मिळते. उरलेले साधारण ६०० मीटर आतकरवाडीपासून पायी चढायचे. सरावाच्या माणसाला तासाभराच्या आत जमतं, नवशिक्याला दीड-दोन तास लागतात. पीएमपीची बस पायथ्यापर्यंत नेते. गाडीरस्ता थेट वरपर्यंत जातो, पण त्याच्याबद्दल चढताना विचार करायचा नाही.

साहित्य

पाणी किमान एक लिटर. टोपी. ओढणी घरी ठेवा, करवंदीच्या जाळीला ती फार आवडते. बूट घ्यायला लगेच दुकानात धावू नका, आधी मुलीचे गेल्या वर्षीचे घालून पाहा. आपला आणि तिचा पाय एकाच मापाचा झालाय, हे पुष्कळ आयांना याच निमित्ताने कळतं. खायला प्रत्येकीने फक्त स्वतःपुरतं आणायचं, असा गटाचा नियम करा. तो कोणी पाळणार नाही. चौघी निघाल्या तर राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, लिमलेटच्या गोळ्या आणि मेथीचे ठेपले मिळून बारा जणींचं होतं.

मैत्रिणी निवडताना मात्र घाई नको. पहाटे पाच वाजता फोन करून ‘उठलीस का गं?’ विचारणारी एक हवी. तिचा राग येईल, येऊ द्या. शिव्या न घालता मौन पाळणारी एक हवी, म्हणजे फोटोत कोणीतरी शांत दिसतं. आणि तुमच्यापेक्षा हळू चढणारी एक तर हवीच. ‘मी तिच्यासाठी थांबले’ हे वाक्य तिच्याशिवाय म्हणता येत नाही. अशी मैत्रीण गटात सापडली नाही, तर ती तुम्हीच आहात. व्हॉट्सॲप गटाच्या नावात सख्या, हिरकण्या किंवा रणरागिणी यांपैकी एक शब्द असतो, त्याला इलाज नाही.

घरातून निघणे

गडाची सगळ्यात अवघड चढण ही. आतकरवाडीची वाट त्यामानाने सरळ आहे.

शनिवारी रात्री काय करायचं याच्यापेक्षा काय करायचं नाही ते आधी सांगते. पोहे भिजवायचा अंदाज कागदावर लिहून ठेवू नका. कांदा चिरून फ्रीजमध्ये ठेवू नका. कणीक मळून, त्यावर ओला पंचा टाकून, ‘फक्त लाटायच्यात’ असं म्हणू नका. ज्या बाईने हे सगळं केलं ती गडावर गेली असं म्हणता येत नाही. तिचा देह गेला, बाकी ती ओट्यापाशीच राहिली. घरात तीन धडधाकट माणसं आहेत, त्यांतल्या एकाने इंजिनिअरिंगची पदवी घेतलीय. ती चार तास उपाशी राहून मरत नाहीत. फार तर सँडविच मागवतात.

‘मी उद्या गडावर जाऊ का?’ असं विचारायचं नाही. ‘मी उद्या गडावर जातेय, दूध साडेसहाला येतं’ असं सांगायचं. यजमान म्हणतील, ‘अगं जा की, मी कुठे नाही म्हणतोय?’ हे ऐकून विरघळू नका. परवानगी मागितलेलीच नव्हती. सासूबाई विचारतील, ‘एकटीच?’ तर ‘नाही आई, चौघी आहोत’ म्हणा. मग त्या विचारतील, ‘बाकीच्यांच्या घरी कोण करतं?’ इथे पायात बूट असलेले बरे.

फोनची सोय आधी लावा. गडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. तो आपल्या मोबाइलसाठी नाही, पण रेंज दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी येते. पहिला फोन पहिल्या दमाच्या जागी येतो : साखर कुठे आहे? साखर लग्न झाल्यापासून त्याच डब्यात आहे. दुसरा फोन मुलाचा : निळा शर्ट सापडत नाही. अशा वेळी अनुभवी आई वाटेवरच्या दगडाला टेकून, धापा टाकत, डोळे मिटून सांगते, ‘डावीकडचं कपाट, दुसरा कप्पा, चादरींच्या मागे, इस्त्रीचा नाहीये.’ शर्ट तिथेच निघतो. नवशिक्यांनी हे कसब दाखवण्याचा मोह आवरावा. एकदा दाखवलं की पुढच्या रविवारी मोज्यांसाठी फोन येतो. ‘शोध’ एवढंच म्हणून फोन ठेवावा. दहा मिनिटांत शर्ट सापडतो, किंवा मुलाकडे दुसराही शर्ट आहे हे त्याला सापडतं.

चढणे

पहिल्या वीस मिनिटांत बोलायचं नाही, श्वास पुरवून वापरायचा. हे तत्त्व झालं. प्रत्यक्षात पहिल्या वळणापर्यंत दहावीचे क्लास, दुसऱ्यापर्यंत कामाच्या मावशींची सुट्टी, आणि चढ खरोखर अंगावर येतो तिथे एखादीची होऊ घातलेली सून, असा क्रम असतो. सुनेपाशी सगळ्या थांबतात. वर सांगायचं कारण ‘पाणी पिऊ या’.

घरच्यांपासून चार तास सुटका म्हणून निघायचं आणि वाटभर घरच्यांबद्दलच बोलायचं, यात कोणाला विसंगती दिसली तर दिसू द्या. घरी मुलांशी बोलता येतं, मुलांबद्दल बोलता येत नाही. ती ऐकत असतात.

वाटेत सत्तरीचे एक आजोबा तुम्हाला मागे टाकतील. हे ठरलेलं आहे, कमीपणा मानू नका. ते आठवड्यातून कितीदा येतात ते न विचारता सांगतील. ‘अजून किती राहिलं?’ असं उतरणाऱ्या कोणालाही विचारू नका, कारण उत्तर कुठेही ‘आलंच, दहा मिनिटं’ असंच असतं. पायथ्याच्या हातपंपापाशी विचारलं तरी तेच.

गडाचा इतिहास माहीत असावा, नाहीतर आजोबा थांबून सांगतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि ते तिथेच पडले. ‘गड आला पण सिंह गेला’ म्हणून सिंहगड, असं तुम्ही म्हणालात की आजोबा खूश होतात, कारण त्यांना दुरुस्ती करता येते : हे नाव त्याच्या आधीच्या पत्रांतही आलेलं आहे. मान डोलवा आणि पुढे व्हा. आमच्या गटाला यातला वेगळाच भाग आवडतो. लोकपरंपरा सांगते की राजगडावरून जिजाबाईंना कोंढाणा दिसला आणि त्यांनी तो मुलाकडे मागितला. आणि त्यासाठी तानाजींनी घरातलं, मुलाचं, रायबाचं, लग्न बाजूला ठेवलं. म्हणजे एका आईने मागितलं आणि दुसऱ्या आईचं लग्नघर थांबलं. पाहुण्यांना निरोप कोणी धाडले, आणलेल्या धान्याचं काय केलं, यावर आम्ही मेटाकुटीच्या चढावर तज्ज्ञांसारख्या बोलतो. चढ कळत नाही.

वाट संपते आणि पुणे दरवाजा येतो. एकामागून एक तीन दरवाजे आहेत, तेव्हा पहिल्यापाशी ‘पोहोचलो’ असा संदेश टाकू नका. इथेच गाडीने आलेली माणसं भेटतात. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास असतो आणि ती म्हणतात, ‘काय मस्त हवा आहे ना!’ हसून हो म्हणा. उत्तर सुचलं तरी देऊ नका.

वर गेल्यावर

मातृत्वाचा सोहळा कसा करावा, यावर केक, फुगे, डोक्याला फेटे असे बरेच प्रकार निघाले आहेत. आमच्या मते सोहळा एकच : बसल्या जागी, दुसऱ्याने केलेली, तव्यावरून उतरलेली गरम भाकरी हातात पडणे. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. ‘अजून एक वाढू का, ताई?’ हा प्रश्न आपल्याला विचारला जातो, आपण विचारत नाही. कांदाभजी येतात. मग मडक्यातलं दही. पहिल्यांदा आलेल्या बायका इथे उठून ताटं उचलू लागतात, त्यांना हाताला धरून खाली बसवावं. काही जणींना दोन-तीन रविवार लागतात.

भाकरी थापणाऱ्या मावशी मात्र त्या दिवशी सुट्टीवर नसतात. पायथ्याच्या गावांतून पिठाचं ओझं, दह्याची मडकी घेऊन बायका पिढ्यान्‌पिढ्या हा गड चढत आल्या आहेत. त्यांना कोणी ट्रेकर म्हणत नाही. आपण वर पोहोचल्यावर फोटो काढतो, त्या चूल पेटवतात. म्हणून मावशींशी दह्याच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्या मैत्रिणीला गटातून काढावं, अशी माझी शिफारस आहे. इतिहास चुकीचा सांगणारी चालेल.

हिरकणीची आठवण निघतेच, आणि काढणारीला वाटतं ती आपल्यालाच सुचली. ती गोष्ट रायगडाची. दूध विकायला वर गेलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरून गेलेली. तिथल्या बुरुजाला तिचं नाव आहे. २०१९ मध्ये तिच्यावर मराठी चित्रपटही आला. आपण तिचं उतरणं लक्षात ठेवलं. चढणं विसरलो, आणि ती चढली होती धंद्यासाठी. ती रोजच दूध घेऊन चढत असणार, त्याचा बुरूज झाला नाही. या मुद्द्यावर आमच्या गटात वाद होतात. बँकेतली मैत्रीण माझ्या बाजूची आहे.

उतरणे

चढण्यापेक्षा वाईट. गुडघे जपा, काठी घ्या, पावसाळ्यात शेवाळावर घाई नको. पुढे सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या रविवारी एखादी उत्साही बाई कात्रज ते सिंहगड रात्रीत करू या म्हणते. त्या वाटेत तेरा टेकड्या आहेत. ‘बघू’ म्हणा.

कुटुंबासह

मे महिन्याचा दुसरा रविवार आला की घरच्यांना भरून येतं आणि ते म्हणतात, ‘आज मदर्स डे, आम्ही पण तुझ्याबरोबर येणार!’ आईचा दिवस साजरा करायचा तर तिची एकमेव सुट्टीची जागा तिला एकटीला का देऊ नये, हे त्यांना समजावणं कठीण. आणा. मुलगा सगळ्यांच्या पुढे पळेल आणि अर्ध्या वाटेत भूक लागली म्हणेल. मुलगी फोटो काढेल. यजमान पाठीवरची पिशवी घेतो म्हणतील, ती जरूर द्या, आणि वरपर्यंत परत घेऊ नका. सासूबाईंना नातेवाइकांच्या गाडीने पाठवा. तुम्ही घामाघूम होऊन पोहोचाल तेव्हा त्यांचं दुसरं दही चालू असेल आणि त्या विचारतील, ‘एवढा वेळ?’ मे महिन्यात करवंदं मिळतात, द्रोण भरून घ्या. त्या निमित्ताने तोंडं बंद राहतात.

आमच्याकडे खरा मातृदिन पिठोरी अमावास्येचा, श्रावणाच्या अखेरीस. त्या दिवशी आई वाण खांद्यावरून मागे धरते, ‘अतिथी कोण?’ असं विचारते, आणि मूल मागून आपलं नाव सांगून ते घेतं. अमावास्या सहसा रविवार पाहून येत नाही, म्हणून आम्ही जवळचा रविवार धरतो. ज्येष्ठ मंडळी याला शास्त्र नाही म्हणतात. गडावर धुकं असतं, दरडीमुळे घाटरस्ता बंद असला तर गाडीवाले येत नाहीत, मुलं तोवर दमून शहाणी झालेली असतात. डब्यात खीर-पुरी न्या. झाकण घट्ट असू द्या.

एक बदल मात्र करावा लागतो. घरी हा विधी मागे न पाहता करतात. गडावर मागे पाहून करावा, कारण धुक्यात ‘अतिथी कोण?’ विचारल्यावर हातातला डबा जातो, नाव कोणी सांगत नाही, आणि मुलं बाजूला उभी राहून ओरडत असतात की आई, माकड!