बाजव्यातील फियाट: जीर्णोद्धाराची पद्धत

दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांत मूलभूत फरक आहे. दुरुस्तीला गेलेली गाडी परत येते. जीर्णोद्धाराला गेलेली गाडी कधी येणार, हे विचारणे असभ्य समजले जाते.

बडोद्यालगतच्या बाजव्यात जीर्णोद्धारास योग्य गाडी म्हणजे बहुधा फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९६४ पासून ती डिलाइट होती, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. तीन बारशी होऊनही मराठी घरांनी तिला माहेरच्या इटालियन आडनावानेच हाक मारली. गायकवाडी काळापासून बडोद्यात असलेली घरे काय किंवा खत कारखान्याच्या नि रिफायनरीच्या नोकरीसाठी आलेली काय, याबाबत त्यांच्यात मतभेद नाहीत. त्या काळी गाडी नोंदवून नंबर लागायलाच वर्षे जात. त्यामुळे तिच्यासाठी थांबणे हा घराण्याचा जुना सराव असतो.

कामाची सुरुवात पत्र्यापासून होते. या गाडीला वेगळी चेसिस नसते. अंगचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून दाराखालच्या पट्टीत गंज शिरला, की प्रश्न सौंदर्याचा न राहता अस्तित्वाचा होतो. पाहणीच्या वेळी मिस्तरी स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा टोचतो. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर पत्रा बदलायचा. न गेला, तर आधीच्या कुणीतरी तिथे बोटभर लांबी भरली आहे असे समजायचे आणि पत्रा बदलायचा. खरवडताना रंगांचे थर उलट्या क्रमाने निघतात: भाच्याच्या लग्नाच्या वेळचा मरून, त्याआधीचा पांढरा आणि तळाशी कारखान्यातून आलेला फिका निळा. मूळ रंग कोणता, यावर घरात दोन पक्ष पडतात. तळाचा निळा डोळ्यांसमोर असूनही पडतात.

सुटे भाग हा पुढचा टप्पा आणि बहुतेक वर्षे यातच खर्ची पडतात. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला होता. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या रस्त्यांवर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिकडे लोक हळहळले. इकडे बाजव्यात फियाटवाल्यांनी हळहळ उरकून मुंबईचे तिकीट काढले. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे हेडलाइट आणि दारांच्या कड्या टांगलेल्या मिळतात. मालक डावी कडी आणायला जातो आणि दोन उजव्या घेऊन येतो, कारण त्या चांगल्या होत्या.

इंजिन मात्र सज्जन आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, सुमारे चाळीस अश्वशक्ती. गिअरचा दांडा बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगलाच. त्यात रहस्य काही नसल्यामुळे शेजारचा प्रत्येक माणूस त्यातला तज्ज्ञ असतो. चोक ओढा, चोक ओढू नका, पॉइंट घासा, प्लग पुसा, असे सल्ले सकाळच्या फिरण्याच्या वेळी विनामूल्य मिळतात. खरी अडचण पेट्रोलची. १९६५ पासून चालू असलेली कोयलीची रिफायनरी इथून हाकेच्या अंतरावर. पण हल्लीच्या पेट्रोलमधले वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, कार्बोरेटर पाझरतो. विहिरीकाठी राहून पाणी बाधावे, तसला हा प्रकार.

मिस्तरीशी बोलण्याचे एक शास्त्र आहे. ‘काका, थई जशे’ हे त्याचे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने भविष्यकाळी असले, तरी त्यात तारीख नसते. उत्तरायणाला विचारले तर तो होळीनंतर म्हणतो. होळीनंतर विचारले तर उकाड्यात रंग नीट बसत नाही, पावसाळ्यात वाळत नाही आणि नवरात्रात माणसे मिळत नाहीत. उरलेल्या दिवसांत त्याच्या मुलीचे लग्न असते. एवढे होऊनही गाडी दुसऱ्या मिस्तरीकडे नेली जात नाही, कारण कोणता नट कोणत्या डब्यात आहे हे एकट्या यालाच ठाऊक असते.

शेवटचा टप्पा कागदपत्रांचा. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हापासून बाजव्यातही ‘व्हिंटेज’ हा शब्द चहाबरोबर येऊ लागला. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार हा दर्जा पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळतो. म्हणजे पद्मिनी नावाची अगदी पहिली गाडीसुद्धा २०२४ च्या आधी त्यात बसत नव्हती. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्याच कामांसाठी तिला रस्त्यावर येण्याची मुभा आहे. बाजव्यातल्या फियाटला यामुळे सवय बदलावी लागत नाही. गेली कित्येक वर्षे ती शेवटच्या दोन कामांसाठीच बाहेर पडत आली आहे.