कड आली का?

केज तालुक्यात लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्याला लोक 'शूटिंगवाला' म्हणतात. आमचा मात्र 'डायरेक्टर'. पदवी त्याने स्वतःच व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतली आहे. लग्नसराईत कमवायचं आणि बाकीचं वर्ष शॉर्टफिल्म काढून ते घालवायचं, असा त्याचा सरळ हिशोब.

त्याच्या प्रत्येक फिल्ममध्ये मागे मिट्ट काळोख असतो. समीक्षकाने त्यात ग्रामीण जीवनाची घुसमट वगैरे शोधू नये. मागे काळं असलं की पोपडे धरलेली भिंत, खताच्या गोण्या, गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि डोकावणारी पोरं, सगळं एकदम झाकलं जातं. "अंधाराला भाडं लागत नाही," तो म्हणतो. पण काळ्यापुढे काळ्याभोर केसांचा माणूस बसवला की कपाळाच्या वरचं डोकं गायब! म्हणून मागून, जरा वरून एक दिवा मारायचा, म्हणजे केसांना आणि खांद्याला उजेडाची बारीक किनार येते. हिला तो 'कड' म्हणतो, आणि तिच्यापायी कथा, संवाद, जेवण सगळं विसरतो.

पडदा म्हणून आधी त्याने काळं साटीन आणलं. ते असं चमकलं, की मुकादमाच्या दुःखामागे ऑर्केस्ट्राचा स्टेज वाटावा. मखमल उजेड गिळते, पण परवडत नाही. शेवटी मामाची काळी घोंगडी दोरीवर टाकली आणि काम झालं. अडचण एवढीच, की शूटिंग शेडमध्ये रात्रीचं, दिवस थंडीचे. बारा वाजता मामा शेडच्या दारात. "घोंगडी दे बाबा, गारठून मरायलो."

"मामा, एकच शॉट."

मामा तो एकच शॉट पहाटेपर्यंत बघतात.

शाळेतल्या विज्ञानातलं त्याला एकच आठवतं: दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून दिवा नटाच्या तोंडाशी आणि नट घोंगडीपासून आठ फूट पुढे. शेड आखूड. त्यामुळे कॅमेरा दाराबाहेर नालीत आणि डायरेक्टर त्याच्यामागे. तिथूनच तो ओरडतो, "कड आली का?" कॅमेरा म्हणजे मोबाईलच. काळं दिसलं की तो आपण होऊन चित्र उजळवतो आणि तोंड पिठात बुडवल्यासारखं होतं. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करायचं, ही कामगिरी भाच्याकडे. तोंडावरच्या एलईडी बल्बला पुढून बटर पेपर.

एकदा लाईट गेली. मग कडेसाठी ट्रॅक्टरचा हेडलाईट. इंजिन चालू ठेवलं तर संवाद ऐकू येईना, बंद केलं तर मालक बॅटरीच्या नावाने बोंब मारी. त्यात मागून उजेड पडल्यामुळे एकेक चिलट झगमगायला लागलं. आबांच्या मृत्यूचा प्रसंग होता. आबा मरताना नाक खाजवत होते. डायरेक्टर खूश. "चिलटालासुद्धा कड आली!"

कुणी हसलं की तो मालेगाव काढतो. तिथे नासिर शेख यांनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून सिनेमे काढले, त्यांच्यावर माहितीपट निघाला, 2025 मध्ये तर हिंदी सिनेमाही थिएटरात आला. "मग केजनं काय घोडं मारलंय?" यावर उत्तर नसतं. माझ्याकडे तरी नाही.

माणसं तो कडेवरून तोलतो. टक्कल भडकतं, म्हणून सावकाराच्या कामाला टोपीवालाच. पुढाऱ्यांच्या कडक पांढऱ्या कपड्यांवर त्याचा पक्षातीत राग. मुलगी बघायला गेला तेव्हा घरी येऊन सांगितलं, "केसांना कड मस्त येईल." नाक-डोळे विचारले, तर ते बघायचे राहिलेच होते.

त्याचा खरा वैरी साखर कारखाना. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात आणि कलाकार कोयता घेऊन ट्रकमध्ये चढतात. मागच्या फिल्मचा हिरो असाच अर्ध्यातून गेला. डायरेक्टरने त्याच्या चुलतभावाला घोंगडीपुढे पाठमोरा बसवला, तोंडावरचा दिवा विझवला आणि फक्त कडेवर उरलेली फिल्म उरकली. क्लायमॅक्सचं रडणंसुद्धा खांद्यावरच.

फिल्म यूट्यूबवर आली. हिरोने ती कारखान्यावरच्या कोपीत बघितली आणि लगेच फोन लावला.

"डायरेक्टर, शेवटाला म्या लईच झकास रडलोय की वो!"