घरात फ्लॅको आहे का?

11 सप्टेंबर 2023, सोमवारची रात्र. न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर अमेरिकी फुटबॉलमधला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स जेट्सकडून पहिलाच सामना खेळायला उतरला आणि चौथ्या स्नॅपला, म्हणजे चौथ्यांदा चेंडू खेळात येताच, मटकन खाली बसला. टाचेमागची अकिलिस शीर तुटली, सीझन तिथंच संपला. स्टेडियम सुन्न झालं. तिथून पाऊण तासावर, एडिसनमध्ये, आमच्या लीगमधल्या डॉक्टरांना मात्र सुन्न व्हायलाही सवड नव्हती. ते फोनवर होते.

"अरे, तुझ्याकडे चार आहेत. एक दे."

"देतो की, डॉक्टर. पहिल्या फेरीचा एक पिक."

"गेल्या आठवड्यात तिसऱ्या फेरीत द्यायला तयार होतास!"

"गेल्या आठवड्यात तुमचा रॉजर्स उभा होता."

हा संवाद ज्यांना कळला, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद वगळले तरी चालेल.

फँटसी फुटबॉल म्हणजे कागदावरची टीम. एनएफएल या अमेरिकी लीगचे खेळाडू आपण आपसांत वाटून घ्यायचे. ते रविवारी मैदानात जे यार्ड काढतील, जे टचडाउन करतील, त्याचे गुण आपल्या खात्यात. हा उद्योग 1962 मध्ये ऑकलंड रेडर्सचे भागीदार बिल विंकनबाख यांनी सुरू केला, तेव्हा तो मोजक्या मित्रांचा हिवाळ्यातला चाळा होता. आपल्याकडच्या ड्रीम इलेव्हनची टीम एका सामन्यापुरती असायची. रात्री सामना संपला की टीमचं विसर्जन. आमच्यासारख्या डायनॅस्टी लीगमध्ये विसर्जन नाही. एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही विकेपर्यंत, टाकेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत तुमचा, सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखा. दरवर्षी फक्त नव्या रूकींचा ड्राफ्ट होतो, आणि त्या ड्राफ्टमधल्या तुमच्या पाळीला म्हणायचं पिक. दोन वर्षांनंतरचा पिक आजही विकता येतो. पीक उभं राहायच्या आत उचल घेण्याची सवय असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता आमच्या लीगमधली दुसरी भानगड, सुपरफ्लेक्स. साध्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा गडी, खेळवायचा असतो, त्यामुळे बरे क्वार्टरबॅक फुकट पडून असतात. सुपरफ्लेक्समध्ये आणखी एक जागा असते. तिथं रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड, कुणीही चालतो, क्वार्टरबॅकही चालतो. आणि सर्वांत जास्त गुण तोच आणत असल्यामुळे सगळे तिथं क्वार्टरबॅकच बसवतात. सोसायटीची गणपतीची वर्गणी जशी ऐच्छिक, तशीच ही जागा.

मग हिशेब करा. एनएफएलच्या टीम 32, म्हणजे कामावर असलेले क्वार्टरबॅक 32. आमच्या लीगमध्ये माणसं बारा, प्रत्येकाला हवेत दोन. चोवीस संपले. उरले आठ, आणि तिसरा हवाय बाराही जणांना, कारण पाचव्या ते चौदाव्या आठवड्यात कधीतरी प्रत्येक टीमची एक सुट्टी असते. शिवाय गुडघे असतात, खांदे असतात, टाचा असतात. यातल्या एकानं पाच दाबून ठेवले, की दुसऱ्या कुणाच्या तरी घरी एकावर भागवायची वेळ येऊ शकते. याला लीगच्या भाषेत डेप्थ म्हणतात. आपल्याकडे साठेबाजी म्हणतात आणि त्यावर छापे पडतात.

तिसरा क्वार्टरबॅक हवाच, यात वाद नाही. वाद आहे तो कोणता ठेवावा यावर, आणि इथंच शहाणीसुरती माणसं वेडी होतात. डायनॅस्टीतल्या माणसाला तारुण्याचं भारी वेड. बाविशीचं पोर, दंड बघितले की डोळे दिपतात, अजून एकही सामना खेळलेलं नाही, म्हणजे अजून एकदाही हरलेलं नाही. असला माल बेंचवर ठेवायचा आणि भाव वाढायची वाट बघायची. 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतच असे पाच निघाले: लॉरेन्स, विल्सन, लान्स, फील्ड्स, जोन्स. त्यातला ट्रे लान्स मिळावा म्हणून फोर्टीनाइनर्सनी पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तो चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसच्या गळ्यात घातला. फील्ड्स आणि जोन्स सहाव्या फेरीच्या भावात गेले. 2024 चा सीझन सुरू झाला तेव्हा पाचांपैकी एकटा लॉरेन्स मूळ घरी नांदत होता. लासलगावच्या बाजूला कुणालाही विचारा: भाव चढेल म्हणून चाळीत ठेवलेला कांदा वरून छान दिसतो, पाणी खालून सुटतं.

त्याच फोर्टीनाइनर्सना शेवटी तारलं कुणी? ब्रॉक पर्डीनं. 2022 च्या ड्राफ्टमधला 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. आमच्या रूकी ड्राफ्टमध्ये त्याचं नावही कुणी उच्चारलं नव्हतं. मी तर त्या वेळी एका पंटरच्या उंचीबद्दल विनोद करत होतो. पुढे जानेवारी 2023 मध्ये, एनएफएलची फायनल असलेला सुपर बोल एका सामन्यावर असताना, पर्डीचं कोपर गेलं आणि त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनचं डोकं आपटलं. फेकायला माणूसच उरला नाही. कोट्यवधी डॉलरची टीम, दोन क्वार्टरबॅक गेल्यावर उघडी पडली. त्याच वर्षी एनएफएलनं आपत्कालीन तिसऱ्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला. तेव्हा 'तिसरा कशाला?' असं विचारणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना मी हा दाखला देतो. त्या म्हणतात, त्यांना निदान पगार मिळतो.

माझं मत असं, की क्वार्टरबॅक निवडताना आजीचा प्रश्न विचारावा: मुलगा करतो काय? दिसायला कसा, उंची किती, घराणं कोणतं, हे नंतर. नोकरी आहे का? आणि नोकरी असली तरी शेजारच्या खुर्चीत कोण येऊन बसलंय, तेही बघावं. कर्क कझिन्सला अटलांटानं 2024 च्या मार्चमध्ये चार वर्षांचे 18 कोटी डॉलर कबूल केले. हळद उतरायच्या आत, एप्रिलमध्ये, त्याच अटलांटानं आठव्या क्रमांकावर मायकेल पेनिक्स घेतला. डिसेंबरात कझिन्स बाकावर. अँड्र्यू लकचं तर बोलायलाच नको. वय 29, नोकरी पक्की, आणि 24 ऑगस्ट 2019 रोजी, सीझन दोन आठवड्यांवर असताना, गडी म्हणाला, पुरे. सातबाऱ्यावरून नावच गेलं.

म्हणून माझा उमेदवार जो फ्लॅको. जन्म 1985 चा. बाल्टिमोरला सुपर बोल जिंकून दिला त्याला दहा वर्षं उलटलेली, आणि 2023 च्या नोव्हेंबरात हा 38 व्या वर्षी घरी सोफ्यावर. क्लीव्हलंडचे क्वार्टरबॅक एकामागून एक पडत होते (त्या सीझनला त्यांनी एकूण पाच जणांना सुरुवातीपासून खेळवलं), तेव्हा कुणाला तरी याचा फोन नंबर आठवला. आल्या आल्या पठ्ठ्यानं ओळीनं चार सामन्यांत प्रत्येकी तीनशे यार्डांच्या वर फेकलं. चौदावा, पंधरावा, सोळावा, सतरावा आठवडा. शेवटचे तीन म्हणजे नेमके फँटसीच्या प्लेऑफचे. 2024 मध्ये इंडियानापोलिसला गेला, तर तिथं चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या अँथनी रिचर्डसनला बसवून याला उभं केलं. 2025 मध्ये पुन्हा क्लीव्हलंड. तिथली जागा गेली, तर ऑक्टोबरात सिनसिनाटीनं उचलला, कारण त्यांचा जो बरो लंगडत होता. नोव्हेंबरात शिकागोविरुद्ध चाळिशीतल्या या माणसानं 470 यार्ड फेकले, चार टचडाउन दिले, आणि सामना 47-42 असा हरला. फँटसीत हरल्याचे गुण कापत नाहीत.

असल्या माणसाला ट्रेडमध्ये भाव किती? शून्य. फुकट देतो म्हटलं तरी लोक बेंचवर जागा नाही म्हणतात, कारण ती जागा भावी सूर्यांनी अडवलेली असते. स्टेपनी रंगानं साजरी असावी, असा आग्रह धरणारे हे लोक.

आता त्या सोमवारच्या फोनकडे. डॉक्टरांना मी जो क्वार्टरबॅक पहिल्या फेरीच्या भावात विकत होतो, तो झॅक विल्सन. रॉजर्सच्या जागी आलेला, 2021 चा दुसऱ्या क्रमांकाचा, वय 24. डॉक्टरांनी फोन ठेवला. अडीच महिने ते सुपरफ्लेक्सच्या जागी रिसीव्हर खेळवत कसेबसे तगले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांच्या यादीतून, फ्लॅको उचलला. बोलीच नव्हती, त्यामुळे खर्चही नाही. डिसेंबरात उपांत्य फेरीला समोर मी होतो. रविवारी दुपारीच निकाल लागला. डॉक्टरांनी विजयाचा एकच शब्द पाठवला: "पिक?"

जेट्सनी 2024 च्या एप्रिलमध्ये विल्सनला डेन्व्हरला देऊन टाकलं, वर सातव्या फेरीचा एक पिक चढवून, आणि बदल्यात सहाव्या फेरीचा एक घेतला. डेन्व्हरनं त्याला त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही स्नॅप दिला नाही. माझ्या बेंचवर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होता.