अख्खं आकाश आणि दहाचं अपलोड

रेडिओवाल्याची हाव आता बटण फिरवून भागत नाही. पूर्वी शेजारचं केंद्र मध्येच घुसलं की आपण चिडायचो. आता शेजारचं, पलीकडचं, सगळंच एकदम हवं. ही हाव पेटवली टीव्हीसाठी विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त डोंगलनं. त्यातली आरटीएल२८३२यू ही चिप टीव्हीचं काम सोडून नुसती कच्ची सॅम्पलं ओतू शकते, हे २०१२च्या सुमारास काही उद्योगी मंडळींनी जगजाहीर केलं आणि पेन ड्राइव्हएवढी वस्तू रेडिओ झाली.

शहरात एलईडी दिव्यापासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत सगळेच लहरींत खरखर मिसळतात. म्हणून माझा डोंगल कोकणात, आत्याच्या माळ्यावर. ऐकणारा मी पुण्यात. मधे आत्याचं ब्रॉडबँड.

हिशेब असा. डोंगल सेकंदाला २४ लाख सॅम्पलं घेतो, एकेकाला दोन बाइट. झाले सेकंदाला ३८ मेगाबिट, तासाला १७ जीबी. एवढं करून दिसतं किती? २.४ मेगाहर्ट्‌झ. एफएमचा पट्टा ८८ ते १०८, म्हणजे २०! तो अख्खा हवा तर हॅकआरएफसारखं महागडं यंत्र घ्या आणि ३२० मेगाबिट मोजा. आत्याच्या घरातून बाहेर पडतात दहा.

‘झिप करून पाठव की,’ भाचा म्हणाला. पण पट्ट्याचा बराचसा भाग निव्वळ खरखर, आणि खरखरीत पुनरुक्ती नसते, त्यामुळे ती फारशी दाबली जात नाही. (सत्काराची भाषणं केवढी सुरेख दाबली जातील!) म्हणजे एवढी वायर तापवून आपण इमानेइतबारे काय वाहून आणतो, तर मुख्यतः काहीच नाही.

तेवढ्यात आत्याचा फोन. ‘अरे, तुझी ती डबी लागली की माझं कीर्तन गोल गोल फिरत बसतं. ऐकतोस तरी काय एवढं?’

‘सगळं, आत्या.’

‘सगळं? कान तर दोनच दिलेत देवानं.’

इंजिनिअरिंगचं पुस्तकही याहून वेगळं काही सांगत नाही. नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा इंटरनेटवरचा रेडिओ ० ते २९ मेगाहर्ट्‌झ तिथल्या तिथे पकडतो आणि शेकडो जण एकाच वेळी त्यावर आपापलं केंद्र ऐकतात. कारण प्रत्येकाकडे जातो तो त्याच्यापुरता आवाज आणि पट्ट्याचं एक चित्र. चित्राच्या ओळीत १०२४ ठिपके, सेकंदाला दहा ओळी धरल्या तर जेमतेम ८२ किलोबिट. पट्टा दोनचा असो की वीसचा, वजन तेच. आता माळ्यावर डोंगलशेजारी रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक बसलाय; चाळणी तिथंच लागते आणि कीर्तन सुरळीत चालतं. तोटा एवढाच की जे निवडलं नाही ते गेलं, मागून मागता येत नाही.

तुम्हीही डोंगल जरूर घ्या. फक्त आधी नेटवाल्याला अपलोडचा आकडा विचारा. डाउनलोडचा तो न विचारताच सांगतो.