न्यूनतम दराचा शॉवर

हेडक्लार्क निवृत्त होतो तेव्हा खुर्ची तेवढी ऑफिसात राहते, बाकी सगळं ऑफिस त्याच्याबरोबर घरी येतं. सेवाग्रामात, कस्तुरबा दवाखान्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांत, असे काका गल्लीला एक तरी सापडतात. खादीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं (त्यातलं एक लाल), आणि हाताखाली आता कुणी नाही याची चुटपुट. ही चुटपुट फार वाढली की काका घर दुरुस्तीला काढतात.

आमच्या गल्लीतल्या काकांची हयात खरेदी शाखेत गेली. त्यामुळे बाथरूम नवं करायचं ठरल्यावर गवंड्याआधी नस्ती आली. विषय : स्नानगृहाचे नूतनीकरण. टिप्पणी काकूंपुढे सादर झाली, कारण घरातल्या सक्षम प्राधिकारी त्याच. काकूंनी पोळी लाटता लाटता तोंडी शेरा दिला, "मले बादली भरंल असा नळ पायजे. बाकी तुमचं तुम्ही पाहा." यातलं दुसरं वाक्य नस्तीत आलं. पहिलं आलं नाही.

बापूंच्या गावात छतातून पावसासारखा कोसळणारा शॉवर शोभतो का, असं कुणी विचारलंच तर काकांचं उत्तर तयार असतं. बापू न्हाणीच्या बाबतीत किती चोखंदळ होते! लायपझिगच्या लुई कुन्हेचं वाचून दक्षिण आफ्रिकेपासून ते कटिस्नान करत. कुटीला न्हाणीघर, संडास जोडलेला. सगळं खरं आहे. फक्त कटिस्नानाला एक टब आणि गार पाणी लागतं, गरम-थंड मिसळून पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा डायव्हर्टर लागत नाही, हे काका सांगत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते. मीराबेननी ती कुटी उभी केली ती इथल्याच मातीची आणि बांबूची. सगळा माल एका शिवारातला, त्यामुळे तिथे कशाचं कशाशी बिनसलं नाही.

काकांचा माल मात्र तीन दरपत्रकांतून आला.

ज्यांनी हे प्रकरण अंगावर घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीत लपवायच्या डायव्हर्टरचे दोन भाग असतात. पितळेची बॉडी भिंतीत गाडायची. तिला एका बाजूने गरम पाण्याचा पाइप, दुसऱ्या बाजूने थंड पाण्याचा. वर शॉवरची वाट, खाली नळाची. टाइल लागली की बाहेरून चकती आणि दांडी चढवायची, तो वरचा पार्ट. दुकानात हे दोन्ही वेगवेगळ्या खोक्यांत आणि वेगवेगळ्या किमतीला मिळतात, आणि इथेच काकांचा घात झाला. दोन खोकी म्हणजे दोन बाबी. दोन बाबी म्हणजे दोन तुलनात्मक तक्ते. बॉडी वर्ध्याच्या दुकानात स्वस्त पडली, वरचा पार्ट नागपुरात सवलतीत मिळाला, शॉवर पुण्याहून मुलाने ऑनलाइन पाठवला. प्रत्येक बाबीत न्यूनतम दर. कोणताही ऑडिटर आला असता तर त्याने उभं राहून नमस्कार केला असता.

पण प्लंबर आला. त्याने बॉडी उलटसुलट केली, नागपूरची दांडी तिच्यावर धरली आणि म्हणाला, "साहेब, हे बसत नाही जी. कंपनी येगळी हाय."

"साइज अर्धा इंचच आहे ना दोन्हींचा?"

"पाइपाचा अर्धा हाय. आतलं कार्ट्रिज पाहा ना. हे पस्तीसचं, ते चाळीसचं."

"थोडं जुळवून घे."

"हे काय नवरा-बायको हाय का साहेब, जुळवून घ्याले?"

आत काकूंच्या लाटण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

काका नमले नाहीत. बॉडी आधी बसवून टाक, वरच्या पार्टचं आपण पत्रव्यवहाराने बघू, असा त्यांनी निर्णय दिला. साडेचार इंची भिंतीत झिरी मारली गेली. बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या टोपणावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. काकांनी टोपण काढून ठेवलं. प्लॅस्टिकचा कचरा भिंतीत कशाला? प्लास्टर झालं, टाइल लागली, आणि बॉडी भिंतीत अशी खोल गेली की तिच्यापर्यंत बोट घातलं तर दुसरं पेर बुडतं.

दाबाचा प्रश्न वेगळाच. पाणी दहा मीटर उंचावर असेल तेव्हा खाली साधारण एक बार दाब मिळतो, आणि असे मोठे शॉवर निदान अर्धा-एक बार मागतात. काकांची टाकी गच्चीवर टेकलेली, शॉवरच्या वर जेमतेम चार फूट. म्हणजे एक बारचा आठवा हिस्सा. एवढ्या दाबावर त्या ताटाएवढ्या शॉवरच्या मधल्या भोकांतून पाणी ठिबकतं आणि कडेची भोकं कोरडी राहतात. प्लंबरने प्रेशर पंप सुचवला. मूळ अंदाजपत्रकात तरतूद नसल्याने तो प्रस्ताव परत गेला.

खरं तर वर्ध्याकडे गरम-थंड मिसळायच्या यंत्राचा उपयोगच किती? डिसेंबर-जानेवारीत काय तो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की गच्चीवरची काळी टाकी स्वतःच गिझर होते. दुपारी थंडाच्या बाजूला दांडी फिरवली तर चटका बसतो. बंद गिझरमधलं पाणी सावलीत असल्यामुळे त्यातल्या त्यात गार, म्हणून जाणती माणसं उन्हाळ्यात गरमाच्या बाजूने आंघोळ करतात. काकांनी हे निरीक्षण नस्तीत नोंदवलं असून ते कंपन्यांना कळवण्याचा त्यांचा विचार आहे.

तूर्त भिंतीत एक गोल भोक आहे, आणि बाथरूममध्ये बादलीसाठी एकही नळ नाही. पंधरा दिवस काकू स्वयंपाकघरातून पाणी वाहत होत्या. मग एका सकाळी सक्षम प्राधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढला, तोही लाल पेनाने : भिंत फोडा. बाहेरून बसणारा साधा मिक्सर लावा. सगळा एकाच दुकानातून आणा.

आदेश म्हणजे आदेश. पण फोडायचं झालं तरी कामच ते, आणि कामाला तीन दरपत्रकं लागतात. काकांनी प्लंबरला तसं सांगितलं. हा प्लंबर सरकारी क्वार्टरांची कामं करून मुरलेला. संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या नावांच्या लेटरहेडवर तीन दरपत्रकं हजर झाली. तिन्हींतलं अक्षर एकच, शाईही एकच. "टाइल" हा शब्द तिन्हींत "टायीन" असाच लिहिलेला.

काकांनी चष्मा लावून ती नीट वाचली, तक्ता केला, आणि समाधानाने शेरा मारला : न्यूनतम दर मान्य.