रॅम्प आहे ना!

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. अध्ययन अक्षमताही त्यात आली. यादी तिप्पट झाली; जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतले शिक्षक मात्र दोनच राहिले. त्यातले गुरुजी बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन वाड्यावस्त्या हिंडतात आणि बाई चार इयत्ता एका खोलीत बसवून खिचडीच्या तांदळाची नोंद मोबाइलवर भरतात.

तरी सोय नाही असं कोण म्हणेल? रॅम्प आहे. त्याचा फोटोही अपलोड झालाय. तो व्हरांड्यापर्यंत नेतो. स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या आहेत, पण त्या फोटोत येत नाहीत. उन्हाळ्यात रॅम्पवर कुणाच्या तरी मिरच्या वाळतात. कठडाही सायकल टेकवायला बरा.

'घ' आणि 'ध'ची गल्लत करणाऱ्या पोरासाठी फिरते विशेष शिक्षक आहेत. त्यांच्याकडे शाळा इतक्या, की पोराने आपली अडचण पुढच्या भेटीपर्यंत जपून ठेवायची. प्राथमिकला अशा दर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण केंद्राने 2022मध्ये ठरवलं. शाळेत अशी मुलं तीन असली तर हिशेबाने तीनदशांश शिक्षक निघतो. तक्रारीला जागाच नाही, साधारण तेवढाच येतो.

बाईंनी शेवटी पदरच्या पैशाने पॉलिश पेपर आणून अक्षरं कापली. पोरगं बोट फिरवून 'ध' ओळखायला लागलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती अक्षरं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हा खर्च कोणत्या हेडमधून?"